सम तारखेला डावीकडून

हिंगणा रोड, नागपूर
१२ जानेवारी १९६८

ती. शोभाताईस कृष्णकांतचा सा. नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गेले सतरा दिवस माझ्या टेबलाखाली कचऱ्याची टोपली नाही.

तू हसशील. कुहीच्या मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होऊन बसलेल्या माझ्या आतेबहिणीला टोपलीचं महत्त्व काय कळणार? तुमच्याकडे कागद येतच नाहीत. इथे तारेच्या कारखान्यात ऑफिस सुपरिंटेंडेंट या पदावरच्या माणसाचं निम्मं काम फाडण्याचं असतं. सतरा दिवस मी फाडलेलं सगळं खिशात कोंबून घरी नेतो आहे. काल धोबी म्हणाला, "बाबूजी, तुमच्या शर्टात ऑफिस हाये, का ऑफिसात शर्ट?"

टोपली कुठे गेली ते ऐक. आमचे मोठे साहेब, भल्लासाहेब, यांनी ती आपल्या केबिनमध्ये गालिच्यावर आडवी पाडली आहे आणि एका वाकड्या काठीने ते तिच्यात पांढरा चेंडू ढकलत असतात. ह्याला गोल्फ म्हणतात. टोपलीने साहेबांचं समाधान होईनासं झालं म्हणून आता कारखान्यामागची चाळीस एकर पडीक जमीन ह्या खेळासाठी तयार करायची आहे. आणि त्यासाठी काढलेल्या मंडळाचा मानद सचिव कोण? तुझा भाऊ.

दोष माझाच. चार वर्षांपूर्वी नोकरीच्या फॉर्मवर 'खेळाची आवड' असा रकाना होता. मी चेष्टेने मराठीत लिहिलं, 'गोट्या. लहानपणी उत्तम.' साहेबांच्या स्टेनोने त्याचं इंग्रजी केलं ते असं: 'लहान चेंडू लहान भोकात घालणे, बालपणापासून प्रावीण्य.' परवा साहेबांनी फाइल उघडली आणि मला मिठीच मारली. "यार कृष्णकांत, इतने दिन छुपाके रखा?"

कलकत्त्याच्या एका तज्ज्ञाने टपालाने नकाशा पाठवला आहे. तज्ज्ञ आलेला नाही, नकाशा आला आहे. त्यात दोन तळी आहेत, एकवीस वाळूचे खड्डे आहेत आणि दिवसाला ऐंशी हजार गॅलन पाणी आहे. आमच्या विहिरीचं पाणी दुपारी तीनला संपतं. चारचा चहा आम्ही तीनलाच करून ठेवतो.

डिसेंबरात मुंबईहून चेअरमन येणार. तोवर मैदान हिरवं झालं नाही तर माझी रवानगी कंपनीच्या वाडी गावातल्या गोदामात. तिथे ट्रकांच्या धुरात तारेची रिळं मोजत बसायचं. ते टळावं म्हणून तुला साकडं घालतो. गवत लावायला हात हवेत. तुमच्याकडे धानाची रोवणी करणाऱ्या बाया असतात. दहाबारा जणी मिळतील का?

तुझा,
कृष्णकांत

*

कुही
२१ जानेवारी १९६८

चि. कृष्णकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या टोपलीबद्दल दोन मिनिटं शाळेत शांतता पाळली. मुलींनी कारण विचारलं नाही, कारण त्यांना शांतता पाळायला आवडते.

तुझं पत्र पंचफुला मेश्रामला वाचून दाखवलं. ही आमच्याकडच्या रोवणीची मुख्य. अकरा बाया तिच्या शब्दावर चिखलात उतरतात आणि तिच्या शब्दावर बाहेर येतात. धानाच्या वाफ्यात, म्हणजे बांधीत, पाणी किती ठेवायचं, तिच्या कडेचा मातीचा बांध, म्हणजे धुरा, कुठे फोडायचा हे जमीनमालक तिला विचारतात. विचारतात आणि मग सांगताना "मी ठरवलं" म्हणतात, ही गोष्ट वेगळी. मी विचारलं, "येशील का नागपूरला?" तर म्हणते, "नागपूर मले माहीत हाय. छप्पन साली दीक्षा घ्याले पायी गेलतो आमी. तवापासून रस्ता पाठ हाय."

नंतर तिने मला खेळ समजावून सांगायला लावला. मी तुझ्या पत्रावरून जेवढं कळलं तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे अंडं काठीनं मारायचं, मंग त्याच्या मांगं चालत जायचं, अन् सापडलं का पुन्ना मारायचं? मंग पह्यले हातातच होतं, तवा काहून मारलं?"

ह्याचं उत्तर मानद सचिव या नात्याने तूच कळव.

ती येईल. पण तिची एक अट आहे, आणि ती मला पटली. "कागद नोको दाखवू म्हणा. मले उतार दाखव." आमची धानाची रोवणी जुलैत, तुझं गवत त्यानंतर. त्याआधी धुरे घालायचे तर उन्हाळ्यात. पण आधी एकदा जमीन बघून जाईल, आणि पसंत पडली तर बाया आणेल. बाईंना बसस्टँडवर घ्यायला स्वतः जा. शिपाई पाठवू नकोस.

तुझी,
शोभाताई

*

हिंगणा रोड
३ मार्च १९६८

ती. शोभाताईस सा. नमस्कार.

तुझी पंचफुलाबाई येऊन गेली. स्टँडवर मी स्वतः गेलो होतो. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमीच का ते टोपलीवाले भाऊ?" ताई, घरच्या गोष्टी तू गावभर सांगतेस.

जमिनीवर गेल्यावर तिने एक लोटा पाणी मागितलं. मला वाटलं, तहान लागली. तिने ते पश्चिमेच्या टेकाडावर मुरमात ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग दुसऱ्या जागी ओतलं. असे सोळा लोटे. भल्लासाहेब खिडकीतून बघत होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "पूजा कर रही है क्या?" मी हो म्हणालो. साहेब धार्मिक आहेत. त्यांनी आणखी दोन लोटे पाठवले.

अठरा लोट्यांनंतर बाईंचा निकाल असा. पावसाचं सगळं पाणी ह्या जमिनीवरून पळत जाऊन पूर्वेच्या नाल्यात पडतं. त्याला नऊ ठिकाणी थांबवायचं. कमी उंचीचे धुरे घालून उतारावर नऊ बांध्या करायच्या, पायऱ्यांसारख्या, एकीचं पाणी दुसरीत उतरेल अशा, आणि सगळ्यांत खाली एक बोडी, म्हणजे तुमच्याकडे धानाला असते तसं छोटं तळं. "गवत फकत या नऊ जाग्यांवर. बाकी जमिनीवर जे उगवते ते उगवू द्या. मेंढ्या चारा."

मी म्हटलं, "पण बाई, हे सगळं हिरवं पाहिजे."

"काहून?"

"साहेबांना हवंय."

"साहेब चरते का?"

मी कलकत्त्याचा नकाशा दाखवला. तो तिने हातातही घेतला नाही, मान वाकडी करून बघितला. "यात तळं टेकाडावर हाय. पाणी चढून जाते का तिकडं?" आणि खरंच, ताई, तळं टेकाडावरच होतं. सहा आठवडे तो नकाशा माझ्या भिंतीवर होता. मी, साहेब, सिव्हिल इंजिनिअर, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

मग मी आणखी एक अडचण काढली. खेळाला भोकं अठरा लागतात, आणि जमीन नऊपुरतीच आहे. बाईंनी विचार केला नाही, थुंकी गिळायला लागतो तेवढा वेळही घेतला नाही. म्हणाली, "धुऱ्यावर रोज एकाच बाजूनं चाललं का धुरा बसते. आमी एक दिवस इकडून जातो, एक दिवस तिकडून. तसंच खेळा न गा. आज इकडून नऊ, उद्या तिकडून नऊ. झाले अठरा." म्हणून गवताच्या जागा गोल परातीसारख्या नकोत, पन्हाळीसारख्या हव्यात: दोन्ही तोंडांना उघड्या, कडांना थोड्या उचललेल्या. कुठूनही चेंडू आला तरी थांबेल, आणि पाणी मात्र मुरून उरलेलं पुढच्या बांधीत उतरेल.

भल्लासाहेब एप्रिलपासून नोव्हेंबर संपेपर्यंत जर्मनीला यंत्रं आणायला चालले आहेत. काल मला म्हणाले, "नक्शे के मुताबिक काम करना." मी म्हटलं, "बिलकुल." नकाशा आता भिंतीवर काच लावून टांगला आहे. त्याच्या मुताबिक फक्त काच बसली आहे. बाकी सगळं पंचफुलाबाईच्या मुताबिक होईल. साहेब परतल्यावर काय होईल ते मी डिसेंबरात बघेन. सध्या मार्च आहे.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. अंडं हातात असताना का मारलं, ह्यावर दोन रात्री विचार केला. साहेबांच्या हातात होतं म्हणून, एवढंच उत्तर सुचतं.

*

कुही
३० ऑगस्ट १९६८

चि. कृष्णकांत यास आशीर्वाद.

बाया परवा परत आल्या. गावात तुझ्या मैदानाशिवाय दुसरा विषय नाही. त्यांनी उन्हाळ्यात धुरे घातले तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. पण आता नऊ दिवस त्यांनी तुझ्या बांध्यांत हरळी रोवली, धानासारखी, ओळीने, कमरेत वाकून, हे कळल्यापासून चावडीवर माणसं पोट धरून हसताहेत. ह्या बायांनी जन्मभर धानातून हरळी उपटली. उपटताना तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि नागपुरात तीच हरळी लावायला मजुरी मिळते! पंचफुलाचा नवरा धोंडबा विचारतो, "कापणीले केवा जायचं?" ती म्हणते, "त्याले कापणी नाही. त्याच्यावर अंडं घरंगळते, तेच पीक."

थट्टा सोडून दे. बाई तुझ्या मैदानाबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. तिसऱ्या बांधीत पाणी तिरपं जात होतं म्हणून तिने एक दिवस जास्त काम केलं, हे मला तिच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. काल तिने मला शाळेच्या अंगणात खडूने नऊच्या नऊ जागा काढून दाखवल्या. इकडून जाताना कुठे सोपं आणि तिकडून येताना कुठे अवघड, सगळं सांगितलं. तिने अजून एकही चेंडू मारलेला नाही.

आता मुद्द्याचं. तू म्हणालास की मैदानाच्या दारात पाटी लागणार आहे. त्यावर नाव कुणाचं? आमच्याकडचे जमीनमालक "मी ठरवलं" म्हणतात ते मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. तुझ्याकडून ते ऐकायची माझी तयारी नाही. साहेब येतील, विचारतील, त्या दिवशी तू तिचं नाव घेशील, हे मला ह्या पत्राच्या उलट टपालाने लिहून हवं आहे.

तुझी,
शोभाताई

*

[पोस्टकार्ड]

४ सप्टेंबर १९६८

ताई, घेईन. शपथ. हरळी फुटली आहे.
कृष्णकांत

*

हिंगणा रोड
११ डिसेंबर १९६८

ती. शोभाताईस सा. नमस्कार.

आठ तारखेला उद्घाटन झालं. पंचफुलाबाईने तुला सांगितलंच असेल. तरीही माझ्या बाजूने सांगतो, कारण माझी बाजू फारशी उरलेली नाही.

भल्लासाहेब दोन दिवस आधी जर्मनीहून उतरले. थेट मैदान बघायला आले. नऊ हिरव्या पन्हाळी, मध्ये पिवळं गवत आणि बळीराम धनगराच्या चाळीस मेंढ्या. "लेक कहाँ है?" मी बोडी दाखवली. "बंकर?" मी मुरमाच्या जुन्या खाणी दाखवल्या, त्या तिथे होत्याच, बाईने त्यांना वळसा घालून खेळ बसवला होता. साहेबांनी नकाशा मागवला. मी म्हटलं, "साहेब, हा नकाशा उलटा धरून बघायचा असतो." त्यांनी उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि "हां, अब समझा," म्हणाले. एवढ्या मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाला 'समजलं नाही' म्हणायची सोय नसते.

आठ तारखेची सकाळ. बाई आणि तिच्या बाया पहाटेच्या बसने आलेल्या, कडेचं वाढलेलं गवत कापत होत्या. चेअरमन आले. रिबीन बांधलेली, चांदीचं तबक तयार, तबकात कात्री नाही. कात्री स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली नानाजी स्टोअरकीपरकडे, आणि नानाजी सासुरवाडीला, उमरेडला. पाच मिनिटं जो तो आपापले खिसे चाचपत होता. मग पंचफुलाबाई पुढे आली आणि तिने आपला विळा तबकात ठेवला. चेअरमन खूश. एका झटक्यात रिबीन दोन तुकडे. फोटो, टाळ्या. विळा तबकातून भल्लासाहेबांच्या हातात गेला तो गेलाच. आता तो क्लबच्या काचेच्या कपाटात चषकांच्या मधोमध आहे. खाली इंग्रजीत चिठ्ठी: 'प्राचीन स्थानिक अवजार.' त्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत गवत कापत असलेलं प्राचीन.

मग खेळ. दारात मी पाटी लावली होती: 'विषम तारखेला उजवीकडून, सम तारखेला डावीकडून.' आठ तारीख, सम. एक रिटायर्ड कर्नल आपली मंडळी घेऊन पाटी वाचून डावीकडून निघाले. साहेब मात्र चेअरमनना म्हणाले, "शुभ काम राइट से," आणि त्यांना उजवीकडून घेऊन गेले. पाचव्या पन्हाळीवर दोन्ही पक्ष समोरासमोर आले. कर्नलचा चेंडू चेअरमनच्या पायापाशी आला, चेअरमनचा कर्नलच्या डब्याच्या पिशवीत. दोघेही म्हणाले, "यू आर गोइंग द राँग वे." मेंढ्या मध्ये. त्यांनाच फक्त दिशा माहीत होती.

चेअरमन लालबुंद. भल्लासाहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "किसका दिमाग है ये?"

पंचफुलाबाई दहा पावलांवर उभी होती, ताई. तिच्या बाया तिच्या मागे. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "कलकत्त्याचं, साहेब."

कलकत्ता हा शब्द तिला कळतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली वाकून पन्हाळीच्या कडेचा एक कोंब उपटला. कोंब हरळीचा नव्हता, तण होतं. मग ती गेली.

संध्याकाळी साहेबांनी नकाशा सुलटा धरून बघितला, आणि कलकत्त्याच्या तज्ज्ञाला बोलावणं गेलं. तो मेमध्ये येणार, आणि जूनमध्ये ट्रॅक्टर घालून सगळं मोडून नकाशाप्रमाणे करणार. मला एक तारखेपासून वाडीचं गोदाम. जे टळावं म्हणून खोटं बोललो तेही टळलं नाही.

तुझा,
कृष्णकांत

*

कुही
१६ डिसेंबर १९६८

कृष्णकांत,

उद्घाटनाची हकीकत छान लिहिली आहेस. मला हसू येत असतानाच शेवट आला, ह्याचा मला जास्त राग आला.

पंचफुलाला मी विचारलं, नावाचं काय करायचं? म्हणाली, "नावाचं मले काय गा करायचं बाई? पण माहा विळा पाठवा म्हणा. कापणी सुरू हाय." नवीन विळा तिच्या हाताला बसत नाही. तिसऱ्या दिवशी बोट कापून घेतलं.

मोडणार आहेत, हे मी तिला सांगितलेलं नाही. तू सांग. तुझं तिच्या त्या मैदानासारखंच झालं आहे: एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून.

शोभाताई

*

वाडी
१९ जून १९६९

ती. शोभाताईस सा. नमस्कार.

सहा महिने उत्तर दिलं नाही. बाईला पत्र लिहायला बसलो की 'प्रिय' लिहावं की 'श्रीमती' इथेच अडतो. विळा काढून आणायला दोनदा गेलो. कपाटाची किल्ली साहेबांच्या ब्रीफकेसमध्ये.

पण बातमी अशी की मैदान मोडलं नाही.

तज्ज्ञ मेच्या पंचवीस तारखेला आला. नागपूरचा मे तुला माहीत आहे. शहरातल्या बंगल्यांची हिरवळ जळून तपकिरी झालेली, कावळे नळाखाली चोच उघडून बसलेले. आणि हिंगण्याच्या त्या मुरमात नऊ जागा हिरव्या. बोडीत कमरेएवढं पाणी. तिथला माळी गोविंदा संध्याकाळी माझ्याकडे वाडीला येऊन सांगून गेला. तो तज्ज्ञ म्हणे सकाळी उजवीकडून पूर्ण फिरला, दुपारी टोपी ओली करून पुन्हा डावीकडून फिरला. पाणी किती घालता विचारलं. गोविंदाने सांगितलं, तर दोनदा पुन्हा विचारलं. पन्हाळीवर पालथा झोपून त्याने गालाने उतार तपासला. मग बराच वेळ बोडीच्या काठावर बसला.

भल्लासाहेबांनी विचारलं, "तो ट्रॅक्टर कब बुलाएँ?"

तज्ज्ञ उठला, विजार झटकली आणि म्हणाला, "मिस्टर भल्ला, एका खड्याला हात लावाल तर याद राखा. हे अगदी माझ्या नकाशाप्रमाणे झालं आहे."

ट्रॅक्टर परत गेला. दारात संगमरवरी पाटी लागली. रचनाकार म्हणून त्याचं नाव आहे, सोनेरी अक्षरात. त्याला मी काय म्हणू? त्याने फक्त माझंच वाक्य संगमरवरावर कोरलं.

बाईला सांग, धुरे शाबूत आहेत. बाकीचं मी स्वतः सांगेन.

तुझा,
कृष्णकांत

*

नागपूर
९ डिसेंबर १९८४

ती. शोभाताईस सा. नमस्कार.

पुण्याला मुलाकडे जाऊन राहिल्यापासून तुझी पत्रं सभ्य झाली आहेत. तब्येत सांभाळ.

तीस नोव्हेंबरला मी रिटायर झालो. निरोपाला घड्याळ मिळालं, ते दहा मिनिटं मागे आहे. मी सोळा वर्षं मागे असल्यामुळे आमचं जमेल.

सांगायचं ते असं. मागच्या महिन्यात एक ऑस्ट्रेलियन आला होता. जगभर गोल्फची मैदानं बांधतो. त्याने कुठल्याशा मासिकात आमच्या मैदानाचा फोटो पाहिला आणि विमान पकडून आला. चार दिवस फिरला. म्हणाला, कमी पाणी, जागच्या जागचं गवत, दोन्ही बाजूंनी खेळता येणारं मैदान, ह्याबद्दल आमच्याकडे आत्ता कुठे चर्चा सुरू झाली आहे; हे तुम्ही अडुसष्ट साली कसं केलं? रचनाकाराला भेटायचं म्हणाला. पाटीवरचा तज्ज्ञ वारला, भल्लासाहेब दिल्लीला. मग त्याने कपाटामागून जुना नकाशा शोधून काढला, काचेच्या टेबलावर पसरला आणि चारही बाजूंनी फिरवून बघितला. कुठूनच जुळेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, वाडीच्या गोदामात एक जुना बाबू आहे, त्याला विचारा.

त्याने विचारलं. तोच प्रश्न, ताई, इंग्रजीत. 'हे डोकं कुणाचं?'

मी त्याची वही घेतली आणि देवनागरीत लिहिलं, पंचफुला मेश्राम, कुही. खाली इंग्रजीत. त्याने विचारलं, तिने दोन दिशांची कल्पना कुठून घेतली? म्हटलं, धुरा बसू नये म्हणून. हे समजवायला पाऊण तास लागला, पण त्याला समजलं. आपल्याला समजायला जास्त लागला होता.

मग मला एक गोष्ट आठवली. मला गोदामात टाकलं, पण मानद सचिव पदावरून काढल्याचा हुकूम कुणी काढलाच नव्हता. म्हणजे सोळा वर्षं मी मानद सचिव आहेच. त्या अधिकारात मी शेवटचं काम केलं. वाडीला ट्रक रंगवणारा कृष्णा पेंटर आहे, त्याच्याकडून पाटी करून घेतली: 'रचना: पंचफुला मेश्राम आणि अकरा बाया, कुही. १९६८.' अक्षरं सुरेख. दोन मोर आणि एक कमळ त्याने आपल्या मनाने घातलं, आणि खाली सवयीने 'फिर मिलेंगे' लिहून टाकलं. मी ते खोडू दिलं नाही. संगमरवरी पाटीच्या बरोबर वर ती ठोकली आहे. नव्या मॅनेजरने मोराला हरकत घेतली, नावाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. 'हिशोब तपासायचाय' म्हटलं. विळा काढला. त्या जागी एक हिरवी गोटी ठेवली. चिठ्ठी तीच राहू दिली.

काल कुहीला गेलो. पंचफुलाबाई अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. केस पांढरे. धोंडबा खाटेवर. मी जय भीम घातला. तिने मान वर केली. "टोपलीवाले भाऊ." मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा तिच्यासमोर ठेवला. तिने कागद सोडला, विळा बघितला, आणि म्हणाली, "सोळा वर्सं लागले का गा रिबिन कापाले?"

मी तिथेच जमिनीवर बसलो. बोलण्यासारखं होतं ते सगळं तिनेच बोलून टाकलं होतं.

तिने अंगठा फिरवला. "दाते गेले याचे."

"माझेही," मी म्हटलं.

तेव्हा ती हसली. मग मी पाटीचं सांगितलं, त्या माणसाचं सांगितलं, सगळ्यांसमोर मी काय म्हणालो होतो तेही सांगितलं, जणू तिला माहीतच नव्हतं. तिने ऐकून घेतलं. विचारलं, "बोडी फुटली तं नाही?"

"नाही."

"धुरे?"

"एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. अजूनही."

"मंग झालं," ती म्हणाली आणि विळा उचलून वळचणीला खोचला. बाजूला एक दुसरा विळा होताच, नव्यासारखा. तो तिने काढून सुनेला दिला.

चहा झाला. निघताना तिने वर्तमानपत्राची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "कागद तुमचा."

आजूबाजूला टोपली नव्हती. मी तो खिशात घातला आणि साडेचारची बस धरली.

तुझा,
कृष्णकांत